कपाटातलं इंटरनेट

१२ जानेवारी

रोजनिशीची आधी माफी मागतो. मागची नोंद ऑगस्टमधली आहे आणि तीत 'उद्यापासून नियमित लिहिणार' एवढं एकच वाक्य आहे. मधल्या काळात काही घडलं नाही असं नाही. पण जे घडलं ते बहुतेक माझ्याविरुद्ध घडलं, आणि स्वतःचीच बाजू घेऊन लिहीत बसणं मनाला पटेना. आता मात्र लिहायलाच हवं. आज आमच्या वाचनालयात इंटरनेट आलं.

आमचं गाव खोलगट भागात आहे, चारी बाजूंनी टेकड्या. मोबाईलवर नेट येतच नाही. साधं बोलायचं तरी माणसाला जागा शोधून ओरडावं लागतं. आमच्या सरकारी खात्याने शहरातून केबल ओढून थेट वाचनालयात आणली. तीन कॉम्प्युटर दिले. एक राऊटर दिला, म्हणजे केबलमधून आलेलं नेट हवेत सोडणारी पांढरी डबी, दोन शिंगांची. दारावर नवी पाटी: सार्वजनिक माहिती केंद्र. प्रमुख, मी. सगळ्या गावाचं ज्ञान एका माणसाच्या हाती सोपवलंय. अंगावर काटा आला.

बसवायला आलेला माणूस ती डबी पुढच्या हॉलमध्ये भिंतीवर ठोकायला निघाला होता. म्हणजे येणाराजाणारा कुणीही हात लावणार. वेळीच थांबवलं. नियम स्पष्ट आहे. महागडी वस्तू डेडस्टॉकला, म्हणजे टिकाऊ सामानाच्या नोंदवहीत, चढते आणि डेडस्टॉकची वस्तू कुलपात राहते. मागच्या खोलीत लोखंडी कपाट आहे. त्याच्या दाराला भोक पाडून वायर आत घेतली, डबी आत ठेवली, कुलूप लावलं. माणूस हसला. 'साहेब, तुमची मर्जी,' म्हणाला. या धंद्यातल्या लोकांना शिस्तीचं हसू येतं.

१३ जानेवारी

तिन्ही कॉम्प्युटरवर 'कनेक्शन नाही'. नेटवाली कंपनी पहिल्याच दिवशी उघडी पडली.

१५ जानेवारी

हेल्पलाइनला फोन केला. माझा फोन बटणांचा आहे आणि बटणांचाच राहणार; केंद्रप्रमुखाने मोहापासून लांब असलेलं बरं. वाचनालयात आवाज एकाच जागी पकडतो: मागच्या खोलीत, कपाटाला चिकटून, खिडकीतून डोकं बाहेर काढून. खिडकीचं एक दार कपाटाच्या मागे झाकलं गेलंय, दुसरं माझ्या डोक्यापुरतं. खाली मागची गल्ली. समोर शिंपीणबाईंचं दुकान, आणि त्यांच्या पायऱ्यांशेजारी रिटायर्ड कंडक्टर दिवसभर खुर्ची टाकून.

हेल्पलाइनच्या बाईने विचारलं, राऊटर मोकळ्या जागी आहे ना. म्हटलं, सुरक्षित जागी आहे. तिने पुन्हा तेच विचारलं. मी तिला 'मोकळी' म्हणजे नेमकं काय ते सांगायला सांगितलं. मग ती म्हणाली, पासवर्ड चुकत असेल, इथूनच नवा करून देते. तिने एकेक अक्षर सांगितलं, मी एकेक अक्षर मोठ्याने परत म्हटलं. खात्री म्हणून तीनदा.

गल्लीतले लोक हातातलं काम टाकून ऐकत होते. शिंपीणबाईंनी मशीन थांबवलं. कंडक्टर तर खिशातून कागद काढून लिहून घेत होते. स्पष्ट उच्चारांचा माणसांवर परिणाम होतो. कॉलेजात वक्तृत्वाला मला बक्षीस मिळालं होतं ते उगाच नाही.

नेट नाहीच.

१९ जानेवारी

संकल्प: नेट येईपर्यंत हातावर हात धरून बसायचं नाही. लोकांना तयार करायचं. अडाणी हात की-बोर्डवर पडले तर तीन कॉम्प्युटर तीन महिने टिकणार नाहीत. म्हणून पात्रता परीक्षा. शंभर मार्क, पास व्हायला पस्तीस. पहिला प्रश्न: संगणक म्हणजे काय ते सोदाहरण स्पष्ट करा. तोवर कॉम्प्युटरना कव्हरं घालून ठेवली आहेत.

मी फार कडक तर वागत नाही ना, असं मनात आलं. दिवसभर विचार केला. नाही.

२४ जानेवारी

बायकोने विषय काढला. ती दवाखान्यात केसपेपर काढते. डॉक्टरांनी तिला सांगितलंय की रक्ततपासणीचा कोर्स कर, पास झालीस तर लॅबमधली जागा तुझी. धडे नेटवर, परीक्षाही नेटवरच, वीस मार्चला सकाळी. 'अहो, केंद्र तुमचंच आहे. संध्याकाळी तासभर बसू द्या मला,' म्हणाली. नेट चालत नाही असं सांगितलं. 'चाललं की बसू द्या,' म्हणाली.

'तुमचंच' हा शब्द खटकला. केंद्र जनतेचं आहे. घरच्या माणसाला मागच्या दाराने आत घेतलं तर जनतेला काय तोंड दाखवू? तिला पात्रता परीक्षेचा अर्ज दिला. तिने तो उलटसुलट करून बघितला. 'मीही?' म्हणाली. 'तूच आधी,' म्हटलं. उदाहरण घरापासून घालून द्यावं लागतं.

२८ जानेवारी

परीक्षा झाली. उमेदवार दोन.

कंडक्टरनी पेपर पेन्सिलने लिहिला. नापास.

बायकोला चौतीस. 'इंटरनेट म्हणजे काय' याला तिने लिहिलंय, 'तुमच्या कपाटात असतं ते'. दहा मार्कांचा प्रश्न, शून्य द्यावं लागलं. पेपर पुन्हा तपासला, तिसऱ्यांदा तपासला, एक मार्क कुठे सापडतो का पाहिलं. सापडला नाही. ओढूनताणून सापडला असता. पण ओढून दिलेला मार्क म्हणजे लाचच की. मन दुखलं. नातं वेगळं, पेपर वेगळा.

निकाल सांगितला तेव्हा 'बरं,' म्हणाली. चिडली नाही, रडली नाही. समजूतदार बायको मिळायला भाग्य लागतं.

३० जानेवारी

बायकोने कोर्सचा नाद सोडलेला दिसतो. आता रोज संध्याकाळी शिंपीणबाईंकडे शिवण शिकायला जाणार आहे. तिची गाडी योग्य रुळावर आली याचं समाधान वाटलं. माझ्या निळ्या शर्टाचं वरून दुसरं बटण तुटलंय. म्हटलं, शिकतेसच आहेस तर लावून दे. 'अजून बटणांपर्यंत आले नाही,' म्हणाली.

४ फेब्रुवारी

मागच्या गल्लीत गर्दी वाढलीय. पूर्वी कंडक्टर एकटे बसायचे. आता संध्याकाळी आमच्या खिडकीखाली दहाबाराजण भिंतीला टेकून असतात. प्रत्येकाच्या हातात मोबाईल, मान खाली. या गावात नेट नाही, तरी काय बघत बसतात? वाचनालयाच्या शिपायाला विचारलं. तो छताकडे बघत म्हणाला, 'सिनेमे भरून आणतात साहेब, शहरातून.' अख्खी गल्ली फुकट सिनेमाच्या नादी लागलीय, आणि पुढच्या दारी ज्ञानाची तीन यंत्रं कव्हर घालून उभी आहेत. या लोकांना काय द्यायचं आणि कशाला?

शिपाईही हल्ली सारखा मागच्या खोलीत जाऊन बसतो. गार वाटतं म्हणे. त्याला पुढे आणून दारात बसवला.

९ फेब्रुवारी

दर सोमवारी पासवर्ड बदलून घ्यायचा, असा नियम केला आहे. नेट चालत नसलं म्हणून सुरक्षितता ढिली करायची नसते. आज हेल्पलाइनला बराच वेळ झापलं आणि मग नवी अक्षरं घेतली. खालून कंडक्टर ओरडले, 'साहेब, शेवटचं अक्षर नीट आलं नाही, पुन्हा म्हणायला सांगा त्यांना!' मी पुन्हा म्हटलं. शिंपीणबाई म्हणाल्या, 'आता बरोबर. चांगलं खडसावता हं भाऊ तुम्ही. दर सोमवारी करत जा.'

जनतेत अन्यायाची चीड आहे, फक्त तिला आवाज द्यावा लागतो. तो आवाज मी आहे.

१३ फेब्रुवारी

चीडबीड काही नाही. टवाळ आहेत सगळे. आज हेल्पलाइनशी बोलत असताना खाली खिदळत होते. शिपायाकडून गल्लीत पाटी लावून घेतली: 'येथे बसू नये. आदेशावरून.' संध्याकाळी पाहिलं तर पाटीखाली खडूने लिहिलेलं, 'बरं, उभे राहतो.' आणि खरोखरच सगळे उभे.

१७ फेब्रुवारी

आता स्टुलं आणलीत. प्लास्टिकची. पाटीच्या खाली मांडून बसतात.

फरशी पुसलेलं पाणी टाकायला गटार लांब पडतं, असं शिपाई नेहमी कुरकुरतो. त्याला सांगितलं, उद्यापासून संध्याकाळी खिडकीतून टाक. तो 'मी नाही टाकणार' म्हणाला. कारण विचारलं तर 'ओळखीचे लोक आहेत.' कर्तव्याला ओळख नसते, असं त्याला ऐकवलं.

१८ फेब्रुवारी

बादली मीच ओतली. खाली आरडाओरडा झाला. एका बाईचा आवाज ओळखीचा वाटला, पण आपण वाकून बघायचं नाही असं ठरवलं होतं. वाकून बघितलं की माणूस मऊ होतो.

बायको शिवणाहून भिजून आली. शिंपीणबाईंकडचा नळ फुटला म्हणे. केसांना फिनेलचा वास येत होता. म्हटलं, त्या बाईंच्या नळाला काय येतं कोण जाणे, ग्रामपंचायतीकडे तक्रार करतो. 'नका करू,' म्हणाली. 'तक्रारी पुरे झाल्या.' माझ्या कामाचा ताण तिच्याही लक्षात येतो.

शर्टाचं बटण तसंच.

२० फेब्रुवारी

गल्लीत मला 'कुलूपसाहेब' म्हणतात, असं शिपायाने सांगितलं. सांगताना त्याला झालेला आनंद नोंदवून ठेवतो. नावावर मात्र शांतपणे विचार केला. कुलूप म्हणजे विश्वास. ज्याच्यावर विश्वास नाही त्याच्या हाती कुणी किल्ली देत नाही.

तरी नाव कुणी ठेवलं ते शोधणार आहे.

२४ फेब्रुवारी

हेल्पलाइनवर आज एक आगाऊ मुलगी होती. म्हणे, 'सर, तुमचं नेट व्यवस्थित चालू आहे. आत्ता या क्षणी अठरा मोबाईल जोडलेले दिसतायत.' मी हॉलमध्ये जाऊन पाहिलं. हॉलमध्ये शिपाई आणि एक मांजर. परत येऊन तिला तसं सांगितलं. 'सर, मग राऊटरच्या जवळपास बघा ना,' म्हणाली. कपाट उघडून पाहिलं. आत डबी. तिच्यावर हिरवे दिवे लुकलुकत होते. दिवे लावून फसवतात, एवढंच. अठरा मोबाईल कपाटात बसणार आहेत का, असं तिला विचारलं. खालची गल्ली हसली. मुलीने फोन ठेवला.

आता चित्र स्पष्ट आहे. कंपनी खोटे ग्राहक दाखवते आणि खात्याकडून बिल उकळते. मी नुसता केंद्रप्रमुख राहिलेलो नाही, साक्षीदार झालो आहे.

१ मार्च

जेवताना बायको माझ्या डोळ्यांची खालची पापणी ओढून बघायला लागली. 'फिकट आहे. हिमोग्लोबिन कमी दिसतंय, म्हणून चिडचिड होते तुमची,' म्हणाली. दवाखान्यात केसपेपर काढून काढून असले शब्द तोंडी बसतात. तिला म्हटलं, चिडचिड तत्त्वाची आहे, रक्ताची नाही. 'रक्तात उतरलंय मग तत्त्व,' म्हणाली आणि पिशवी घेऊन शिवणाला गेली. पिशवीत कापड नव्हतं, वही होती. मापं लिहून घेत असेल.

६ मार्च

खात्यातून वरच्या साहेबांचा फोन. मला खिडकीतून अर्धा बाहेर लोंबकळून घ्यावा लागला. साहेब म्हणाले, 'अभिनंदन! सगळ्या केंद्रांत तुमच्या केंद्राचा वापर सर्वांत जास्त. इतर ठिकाणी माणसं फिरकत नाहीत हो. तुम्ही काय जादू केलीत?' मी म्हटलं, साहेब, माझ्या केंद्रात आजवर एकही माणूस बसलेला नाही. साहेब हसले. 'विनम्र आहात,' म्हणाले.

खोटं श्रेय घ्यावं का? एक क्षण मोह झाला, तो इथे लिहून ठेवतो. दुसऱ्या क्षणी आवरला.

१० मार्च

तक्रार पाठवली. तीन पानं. मुख्य मागणी: वापराचे आकडे बनावट आहेत, चौकशी होईपर्यंत कनेक्शन तोडावं आणि राऊटर ताब्यात घ्यावा. शेवटचं वाक्य लिहिताना मनात आलं: गावाचं नेट मीच तोडायला सांगतोय का? पण जे चालतच नाही ते तोडल्याने कुणाचं काय बिघडणार?

१४ मार्च

नुसती तक्रार पुरेशी नाही, पुरावा हवा. प्रयोग ठरवला. वाचनालयाची वीजच सकाळभर बंद ठेवायची. वीज नाही म्हणजे डबी बंद. तरीही कंपनीने अठरा ग्राहक दाखवले की चोरी रंगेहाथ पकडली. कंपनीचा महिना वीस तारखेला सुरू होतो, म्हणून वीस मार्च निवडली. त्या दिवशी आणखी काहीतरी आहे असं अंधुक वाटतंय. आठवेना. महत्त्वाचं नसावं.

१९ मार्च

आज बायको एकदम मऊ. चहा हातात आणून दिला. मग म्हणाली, 'उद्या सकाळी तुमच्या त्या कपाटाला हात लावू नका हं. एक दिवस. माझ्यासाठी.' कारण विचारलं तर 'सांगितलं तर अर्ज भरायला लावाल.' मला धुळीचा त्रास होतो आणि कपाटात धूळ फार, म्हणून म्हणत असेल. इतक्या वर्षांच्या संसारात अशी काळजी क्वचितच बोलून दाखवलीय. शब्द दिला. कपाटाला हात लावणार नाही.

गल्लीतही आज शांतता. शिंपीणबाई पायऱ्या धूत होत्या. मला बघून चक्क म्हणाल्या, 'भाऊ, उद्या तेवढं सांभाळून घ्या.' म्हटलं, मी रोजच सांभाळतो.

२० मार्च

जसं घडलं तसं लिहितो.

सकाळी वाचनालय उघडलं. कपाटाला हात लावला नाही. दिलेला शब्द मी पाळतो. अकरा वाजून गेल्यावर मेन स्विच पाडला. पंखा थांबला. मागच्या खोलीत जाऊन हेल्पलाइनला फोन लावला आणि आता किती ग्राहक जोडलेले आहेत ते विचारलं. 'शून्य, सर.' म्हटलं, नीट बघा. 'शून्यच आहे सर. मिनिटापूर्वी एकवीस होते.' हे उत्तर माझ्या प्रयोगात बसत नव्हतं. त्यावर विचार करतोय तोवर खाली गल्लीत कुणीतरी ओरडलं, 'गेलं! गेलं! अहो, तिचा पेपर चालू आहे!' मग पळापळ.

पुढच्या दारात गर्दी धडकली. कंडक्टर, शिंपीणबाई, पाचसहा स्टुलवाले, आणि आमचा शिपाई, त्यांच्या बाजूने. कंडक्टर म्हणाले, 'कुलूपसाहेब, स्विच वर करा.' मी म्हटलं, प्रयोग चालू आहे, मागणी लेखी द्या. शिंपीणबाई म्हणाल्या, 'लेखी घालतो तुमच्या बोडक्यावर!' शब्द तसेच्या तसे नोंदवतो.

तेवढ्यात बायको गर्दीतून पुढे आली. हातात दवाखान्यातल्या नर्सचा मोबाईल. अंगावर ठेवणीतले कपडे, जणू परीक्षेला निघालीय. मग लक्षात आलं की ती परीक्षेलाच बसली होती. ती बाजूने आत गेली, स्टूल ओढलं, चढली, स्विच वर केला. पंखा फिरायला लागला. ती मोबाईलकडे बघत उभी राहिली. आम्ही सगळे तिच्याकडे बघत उभे. मी पुढे होऊन पडद्यावर वाचलं: संपर्क तुटला. परीक्षा समाप्त. पुढील संधी सप्टेंबर.

शिंपीणबाईंनी विचारलं, किती प्रश्न झाले होते गं. 'अडतीस. पन्नासपैकी.'

मी म्हटलं, मला आधी सांगायला हवं होतंस. हेही म्हटलं की कपाटाला हात लावला नाही, हे शिपाई सांगेल.

ती म्हणाली, 'जानेवारीत पेपर बघून नापास केलंत. आज न बघताच केलंत.' आणि स्टूल जागेवर ठेवून गेली.

नंतर मी मागच्या गल्लीत गेलो. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. कंडक्टरनी स्वतःचा मोबाईल माझ्या नाकासमोर धरला. नेट पूर्ण. आमच्या खिडकीकडे बोट करून म्हणाले, 'ते बघा तुमचं सुरक्षित.' खिडकीच्या झाकलेल्या दाराच्या फळ्या निखळलेल्या. त्यातून थेट कपाटाच्या आत दिसत होतं. कपाटाला मागचा पत्राच नाही. गंजून कधीच गळून पडलाय. आत पांढरी डबी, हिरवे दिवे, तोंड गल्लीकडे. दरवर्षी डेडस्टॉक तपासताना मी कपाटापुढे 'सुस्थितीत' असं लिहितो. पुढून बघून.

'आणि पासवर्ड?' मी विचारलं.

गल्लीतल्या सगळ्यांनी एका सुरात म्हणून दाखवला. स्पष्ट उच्चारात. तीनदा.

२१ मार्च

स्वतःची कठोर तपासणी केली. मुद्दे: एक, पत्रा गंजला तो माझ्यामुळे नाही. दोन, हेल्पलाइनने पासवर्ड मोठ्याने म्हणायला लावला. तीन, परीक्षा अशी कशी, की वीज गेली की माणूस नापास? चार, मला कुणीच सांगितलं नाही. शिपायाला माहीत, कंडक्टरना माहीत, बायकोला तर पहिल्या दिवसापासून माहीत.

चौथ्या मुद्द्यावर अडलो. समजा सांगितलं असतं, तर मी काय केलं असतं?

विचार केला. कपाटाला नवा पत्रा बसवला असता.

२३ मार्च

सोमवार. पासवर्ड बदलला नाही. खिडकीत गेलो तर गल्लीत कुणी नाही. स्टुलं आहेत, माणसं नाहीत. कंडक्टर खुर्ची उलटी करून, भिंतीकडे तोंड करून बसले होते.

बायको बोलते. दवाखान्यात केसपेपर काढताना बोलते तसं. काय होतंय, कधीपासून, पुढे चला.

२४ मार्च

संकल्प: डबी कपाटातून काढून पुढच्या हॉलमध्ये भिंतीवर लावायची. कव्हरं काढायची. परीक्षा रद्द. सगळ्यांना मोकळं. बायकोने सप्टेंबरपर्यंत हवं तेवढं बसावं. पहिला कॉम्प्युटर तिचा, बिनअर्ज. हे तिला सांगितलं. 'बघू,' म्हणाली. 'बघू' हा नकार नाही.

खिळे आणि हातोडी आणून ठेवली. परवा मुहूर्त.

२६ मार्च

सकाळी कंपनीची गाडी आली. दोन माणसं. खात्याचा आदेश दाखवला: केंद्रप्रमुखांच्या दहा मार्चच्या तक्रारीची तातडीने दखल घेऊन कनेक्शन तोडण्यात येत आहे आणि राऊटर ताब्यात घेण्यात येत आहे. वीस वर्षांच्या नोकरीत माझ्या तक्रारीची दखल पहिल्यांदाच घेतली गेली.

म्हटलं, तक्रार मागे घेतो. म्हणाले, ते वर बोला. किल्ली मागितली. त्यांच्यातला एक जानेवारीतलाच हसरा माणूस. त्याने कपाटाच्या मागून हात घालून डबी काढली. किल्ली माझ्या हातातच राहिली.

खिळे भिंतीत ठोकूनच ठेवले होते. दोन. त्यांच्यावर शिपायाने टोपी अडकवली.

२७ मार्च

वरच्या साहेबांना फोन केला. कनेक्शन परत हवं म्हटलं. साहेब थंड होते. 'तुम्हीच म्हणालात ना, एकही माणूस बसत नाही?' मग म्हणाले, नवीन अर्ज करा. म्हटलं, आजच पोस्टाने पाठवतो. 'पोस्टाने चालत नाही हो आता. अर्ज फक्त ऑनलाइन.'

खिडकीतून डोकं आत घेताना शर्टाचा खिसा फाटला.

३१ मार्च

लॅबच्या जागेवर शहरातली एक मुलगी घेतली. डॉक्टरांनी बायकोला सांगितलं, पुढच्या वेळी बघू. ती घरी आली आणि तेवढंच सांगून भाजी चिरायला बसली. मी म्हटलं, सप्टेंबर आहे ना. आता ती दर रविवारी बसने शहरात जाणार. तिथे तासाच्या हिशोबाने नेट मिळतं. शिंपीणबाई सोबत जाणार आहेत. मीही येतो म्हटलं, मला तो ऑनलाइन अर्ज भरायचा आहे. 'बसमध्ये जागा दोनच धरल्यात,' म्हणाली.

वाचनालय बंद करताना सवयीने कपाटाला कुलूप लावलं. शिपाई बघत होता. 'साहेब, आत काय आहे?' विचारलं त्याने.

५ एप्रिल, रविवार

बायको सकाळच्या बसने गेली. जाताना वही छातीशी धरली होती. मापांचीच वही असेल असं मी कित्येक दिवस समजत होतो.

दुपारी निळा शर्ट घेऊन मागच्या गल्लीत गेलो. म्हटलं बटण लावून घेऊ, त्या निमित्ताने दोन शब्द बोलू. शिंपीणबाई शहराला गेल्या आहेत हे गल्लीत पोचल्यावर आठवलं. दुकानात त्यांची सून. तिला विचारलं, माझी बायको इथे येऊन शिवण किती शिकली. सून म्हणाली, 'त्यांना तर सुईत दोरा ओवता येत नाही अजून. रक्तगट विचारा, झोपेत सांगतील.' मग मी शर्ट पुढे केला. तिने हात पुढे केला नाही. 'अर्ज लिहून आणा,' म्हणाली. पायऱ्यांवरून कंडक्टर म्हणाले, 'पेनाने हं, कुलूपसाहेब.'

राग आला. रस्ताभर उत्तरं जुळवत आलो, चांगली जुळली होती. घरी कुणी नव्हतं.

बायकोच्या डब्यात सुई सापडली, पांढरा दोरा सापडला, बटण सापडलं नाही. शेवटी वाचनालयाच्या पुढच्या हॉलमधल्या पहिल्या कॉम्प्युटरच्या कव्हराला बटणं आहेत हे आठवलं. जाऊन कव्हर काढलं. काढलंच. परत घातलं नाही. एक बटण कापून घेतलं.

सुईत दोरा काही ओवला गेला नाही. उजेडात बघू.

उद्या: बटण लावणे.